ओलीचा पंचनामा

पूर ओसरला की तलाठी आणि ग्रामसेवक पंचनाम्याला निघतात. घर पूर्ण पडले की अंशतः, भांडीकुंडी किती गेली, जनावरे किती दगावली, पीक किती कुजले, या सगळ्याला कागदावर जागा असते. जी भिंत पडली नाही, पण आठवडाभर कमरेएवढ्या पाण्यात उभी राहिली आणि दिवाळीपर्यंत वाळली नाही, तिला जागा नसते. पडली नाही म्हणजे शाबूत, असा हिशेब. घरच्यांचाही बहुतेक वेळा तोच असतो. गाळ उपसतात, फरशी धुतात, सणाच्या तोंडावर रंगाचा एक हात मारतात आणि संसार पुन्हा मांडतात. मग दोन-तीन महिन्यांनी घरातल्या कोणाला तरी खोकला धरतो. सर्दीचा म्हणून काढा होतो, मेडिकलमधून आणलेली बाटली होते, आणि खोकला काही जात नाही.

हे पुस्तक त्या खोकल्याविषयी आहे. घरातल्या ओलीवर वाढणाऱ्या बुरशीमुळे फुप्फुसाला होणारी ॲलर्जी, तिची वेगवेगळी रूपे आणि ती जिथे उगवते ती घरे, हा त्याचा विषय. सातारा आणि सांगली हे दोन जिल्हे त्यासाठी निवडले आहेत, आणि ही निवड नुसत्या आपुलकीपोटी केलेली नाही.

आधी एक गैरसमज दूर केलेला बरा. करोनाच्या दुसऱ्या लाटेत, २०२१ मध्ये, ‘काळी बुरशी’ हा शब्द महाराष्ट्रात घरोघरी पोचला. तो म्युकरमायकोसिस. तो संसर्ग आहे. बुरशी थेट शरीराच्या पेशींत घुसते आणि त्या नासवते. मधुमेह हाताबाहेर गेलेला, स्टिरॉइड भरपूर घेतलेला रुग्ण तिच्या तावडीत सापडतो. या पुस्तकातला आजार त्याहून वेगळा आहे. इथे बुरशी बाहेरच, भिंतीवर, गादीत, कूलरच्या जाळीत वाढत असते. छातीत शिरतात ते तिचे बीजाणू आणि तिचे तुकडे. नुकसान करतो तो आपलाच प्रतिकार, जो या पाहुण्यांना शत्रू समजून वर्षानुवर्षे लढत राहतो आणि लढाईची जागा असलेले फुप्फुसच उजाड करतो.

बीजाणू सगळेच जण श्वासावाटे घेतात. रोज शेकड्यांनी घेतात. ॲस्परजिलस फ्युमिगेटस या बुरशीचा बीजाणू दोन-तीन मायक्रॉनचा असतो, म्हणजे नाकातले केस आणि श्वासनलिकेतला चिकटा चुकवून थेट वायुकोशापर्यंत जाण्याइतका बारीक. शिवाय ही बुरशी शरीराच्या तापमानाला आरामात वाढते, जे सगळ्या बुरशींना जमत नाही. निरोगी माणसाची फुप्फुसे हा रोजचा कचरा गाजावाजा न करता साफ करतात. काहींची करत नाहीत, आणि न करण्याच्या तऱ्हा तीन आहेत.

पहिली तऱ्हा दम्याची. आधीच संवेदनशील असलेल्या श्वासनलिका बुरशीच्या संपर्काने आवळतात, घरघर वाढते, रात्री उठून बसावे लागते. दुसरी, दम्याच्याच पोटातून निघणारी, डॉक्टर जिला ‘एबीपीए’ म्हणतात ती, म्हणजे ॲलर्जिक ब्रॉन्कोपल्मनरी ॲस्परजिलोसिस. यात बुरशी श्वासनलिकेतल्या चिकट कफात मुक्काम ठोकते. पेशींवर हल्ला करत नाही, पण तिच्या नुसत्या असण्याने शरीर इतके खवळते की रक्तातले आयजीई, म्हणजे ॲलर्जीचे प्रतिपिंड, शेकड्यांवरून हजारांत जाते, तपकिरी गुठळ्यांसारखा कफ पडतो, एक्स-रेवर सावल्या येतात, जातात, जागा बदलतात आणि हळूहळू नळ्या कायमच्या सैल पडतात. तिसरी तऱ्हा हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिसची. तिचे ठिकाण नळ्यांच्या पलीकडे, वायुकोशांत. संपर्कानंतर चार ते आठ तासांनी ताप, हुडहुडी, कोरडा खोकला, धाप. दुसऱ्या दिवशी माणूस उठून कामाला लागतो. असे वारंवार घडले, किंवा थोडा थोडा संपर्क रोजच राहिला, तर ताप येईनासा होतो आणि फक्त धाप उरते. फुप्फुसात वण धरू लागतात. ते पुसता येत नाहीत.

या तिसऱ्या तऱ्हेचा एक विक्षिप्त गुण असा की सिगारेट ओढणाऱ्यांत ती तुलनेने कमी आढळते. याचा फायदा घेऊन कोणी बिडी पेटवू नये; बिडीची स्वतःची यादी पुरेशी लांब आहे. पण ‘तंबाखूला कधी शिवलो नाही, मग छाती कशी खराब झाली’ हा प्रश्न विचारणाऱ्या रुग्णाला उत्तर द्यायला ही गोष्ट ठाऊक असलेली बरी.

आता हे दोन जिल्हे का? २२ जुलै २०२१ च्या सकाळपासून पुढच्या चोवीस तासांत महाबळेश्वरला ५९४ मिलिमीटर पाऊस पडला. माण तालुक्यात वर्षभरात मिळून साधारण तेवढाच पडतो. एका जिल्ह्यात हवेचे हे दोन टोकाचे नमुने आहेत, आणि दोन्हीकडे बुरशीला घर मिळते. पश्चिमेला जावळी, पाटण, महाबळेश्वर आणि सांगलीतला शिराळा, इथे जून ते सप्टेंबर कपडे चुलीच्या उबेवर वाळवावे लागतात, चपलांना आणि पट्ट्यांना बुरा येतो, पेटीतल्या लुगड्याला कुबट वास लागतो. पूर्वेला जत, आटपाडी, माण, खटाव. इथे ओल उन्हाळ्यात येते, आणि ती विकत आणलेली असते: पत्र्याच्या खोलीत लावलेला वाळ्याचा किंवा लाकडी काथ्याचा कूलर, त्यातले महिनाभर न बदललेले पाणी, जाळीवर धरलेला काळा-हिरवा थर आणि त्यातून रात्रभर तोंडावर येणारी हवा.

या दोहोंच्या मध्ये कृष्णा-वारणेचा पट्टा. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी पाण्याने ५७ फुटांची खूण ओलांडली. तिथली धोक्याची पातळी ४५ फूट आहे. गावभाग, मारुती चौक, शामरावनगर, हरिपूर, पलूस आणि वाळव्यातली नदीकाठची गावे कित्येक दिवस पाण्यात होती. त्याआधी २००५, त्यानंतर २०२१. २००५ च्या पुराने हरिपूर-सांगलीवाडीची हळदीची पेवे बुडवली, त्याची आठवण अजून निघते, कारण हळदीला बाजारभाव आहे. त्याच पाण्याने भिजलेल्या घरांत पुढची दोन-तीन वर्षे कोणाची छाती कशी होती, याची आठवण निघत नाही. पुराखेरीज या पट्ट्यात एक कायमची ओल आहे. बारमाही ऊस, कालवे, उपसा योजना, त्यांमुळे वर आलेले भूजल आणि क्षारपड झालेली काळी जमीन. अशा जमिनीवर ज्योत्याला ओलरोधक थर न देता बांधलेली भिंत पाणी केशाकर्षणाने वर ओढते. गुडघ्याएवढ्या उंचीपर्यंत गिलावा फुगतो, पोपडे निघतात, पांढरे मीठ फुलते. गवंडी वरून सिमेंटचा नवा हात देतो, मालक ऑइल पेंट लावतो, आणि ओल आतल्या आत कोंडून थोडी आणखी वर चढते.

जुनी घरे बरी होती, असा सूर या ठिकाणी लावण्याचा मोह होतो. तो मला मान्य नाही. मातीच्या भिंती श्वास घेत, चुन्याचा रंग बुरशीला नकोसा असे, कौलांच्या फटींतून हवा खेळे, हे खरे. पण त्याच घरात चुलीचा धूर होता, पडवीत गोठा होता, माळ्यावर भिजलेली वैरण आणि बळदात दमट धान्य होते. जुन्या घरातल्या बाईची छाती नव्या घरातल्या बाईपेक्षा सुखात होती, असे म्हणायला आधार नाही. फरक एवढाच की नव्या घराने ओल आत कोंडायचे तंत्र सुधारले: स्लॅब, बंद खिडक्या, खोलीला लागून न्हाणीघर, भिंतीला टेकवून ठेवलेले प्लायवूडचे कपाट.

हवेतल्या ओलीचा आणि धापेचा संबंध माणसाला फार आधीपासून दिसत होता. चरकसंहितेत तमक श्वासाचे वर्णन करताना ढग, पाऊस, थंडी आणि पूर्वेचा वारा यांनी तो बळावतो, असे नोंदवले आहे. इटलीत बर्नार्दिनो रामाझ्झिनी याने १७०० साली कामगारांच्या रोगांवर लिहिलेल्या ग्रंथात धान्य चाळणाऱ्या-मापणाऱ्यांच्या खोकल्याला आणि धापेला जागा दिली. हवेत नेमके आहे काय, हे मोजण्याचा एक सुरुवातीचा मोठा प्रयत्न मात्र आपल्याच देशात झाला. डी. डी. कनिंगहॅम या डॉक्टरने कोलकात्याच्या तुरुंगांतली हवा चिकट काचपट्ट्यांवर धरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली आणि १८७३ मध्ये त्यावर पुस्तक काढले. तो शोधत होता पटकीचे कारण. सापडले ते परागकण आणि बुरशीचे बीजाणू. विज्ञानात असे बरेचदा होते.

विसाव्या शतकात या विषयाचे दोन प्रवाह वेगळे झाले आणि त्यांची भेट बऱ्याच उशिरा झाली. एक प्रवाह शेताचा आणि कारखान्याचा. १९३२ मध्ये जे. एम. कॅम्पबेल याने उत्तर इंग्लंडमधल्या शेतकऱ्यांचे वर्णन केले: ओल्या उन्हाळ्यात साठवलेले, बुरसलेले गवत हिवाळ्यात हलवल्यावर त्यांना धाप लागत होती. ‘फार्मर्स लंग’ हे नाव पुढे रूढ झाले. १९४० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत लुइझियानातून उसाच्या चिपाडाने होणारा तसाच आजार नोंदला गेला, बगॅसोसिस. हे नाव साखरवाडीपासून रेठऱ्यापर्यंत आणि वाळव्यापर्यंत प्रत्येक कारखान्याच्या वैद्यकीय खोलीत लिहून ठेवायला हवे. ताजे चिपाड धोक्याचे नसते. ढिगात पडून, भिजून, आतून तापलेले चिपाड धोक्याचे, कारण त्या उबेत वाढणारे सूक्ष्मजीव धुळीबरोबर उडतात. १९६० च्या दशकात लंडनमध्ये जॅक पेपिस आणि सहकाऱ्यांनी अशा रुग्णांच्या रक्तात बुरसलेल्या गवतातल्या जंतूंविरुद्धची प्रतिपिंडे दाखवली, आणि कामाच्या जागेचा संशय प्रयोगशाळेतल्या पुराव्यापर्यंत पोचला.

दुसरा प्रवाह दमा आणि ॲलर्जीच्या दवाखान्यांचा. ‘ॲलर्जी’ हा शब्द १९०६ मध्ये व्हिएन्नाच्या फोन पिर्केने दिला. एबीपीएचे पहिले रुग्ण १९५२ मध्ये ब्रिटनमधून नोंदले गेले. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात इशिझाका दांपत्याच्या आणि स्वीडिश संशोधकांच्या कामातून आयजीई हाती आले. दवाखान्यांच्या या घराण्याचे लक्ष रुग्णाच्या रक्तावर, त्वचेवरच्या चाचणीवर आणि औषधावर. ते फार पुढे गेले, आणि रुग्ण राहतो कुठे हे विचारायचे बऱ्याच अंशी विसरले.

घर हा प्रश्न मध्यभागी आणला तो जपानने. तिथल्या डॉक्टरांच्या लक्षात आले की उन्हाळ्याच्या दमट महिन्यांत काही रुग्ण ताप-खोकल्याने येतात, दवाखान्यात दाखल केले की औषधाशिवायही सुधारतात, आणि घरी परतले की पुन्हा आजारी पडतात. मग त्यांनी घरच तपासले. जुन्या लाकडी घरांत, न्हाणीघराजवळच्या कुजलेल्या फळ्यांत, चटयांत ट्रायकोस्पोरॉन ही यीस्टसारखी बुरशी सापडली. जपानमधल्या या जातीच्या न्यूमोनायटिसचा बहुसंख्य वाटा याच घरगुती प्रकाराचा निघाला, आणि त्यात घरात जास्त वेळ असणाऱ्या मध्यमवयीन गृहिणींचे प्रमाण लक्षणीय होते. कुजके लाकूड काढले, ओलीचा उगम बंद केला, तेव्हा अनेकांचा आजार पुन्हा उलटला नाही. दोन आठवडे घर सोडून माणूस बरा होतो का, परत गेल्यावर बिघडतो का, ही साधी परीक्षा कुठल्याही महागड्या चाचणीच्या तोडीची आहे. आपल्याकडे ती नकळत रोज होत असते. सून बाळंतपणाला माहेरी जाते, सासूबाई लेकीकडे पुण्याला महिनाभर राहतात, आणि ‘तिकडची हवा मानवली’ असे म्हणून विषय संपतो. हवा मानवली म्हणजे काय झाले, एवढेच विचारायचे राहून जाते.

भारतातल्या कामाचा एक धागा मराठवाड्यातून जातो, आणि तो मराठी वाचकाला फारसा माहीत नाही. औरंगाबादला एस. टी. टिळक यांनी हवेतल्या बीजाणूंच्या अभ्यासाची शाखा उभी केली, १९८० मध्ये इंडियन एअरोबायॉलॉजिकल सोसायटी स्थापन झाली, आणि त्यांच्या नावाचे ‘टिळक एअर सॅम्पलर’ हे हवा धरणारे उपकरण देशभर वापरले गेले. दुसरा धागा चंदीगडच्या पीजीआय या वैद्यकीय संस्थेचा. तिथल्या गटाने एबीपीएवर सातत्याने काम केले, २०१४ मध्ये भारतात या आजाराचे रुग्ण सुमारे १४ लाख असावेत असा अंदाज मांडला, निदानाचे निकष ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय गटात पुढाकार घेतला. याच निकषांत आधी एकूण आयजीई १००० च्या वर असावे अशी अट होती. २०२४ च्या सुधारणेत ती ५०० वर आणली. तिसरा धागा २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी नोंदणीचा. फुप्फुसाच्या वण धरणाऱ्या आजारांचे १०८४ रुग्ण त्यात होते. पाश्चात्त्य देशांत अशा नोंदणीत हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस मागच्या बाकावर असतो; इथे तो जवळपास निम्म्या रुग्णांत, ४७ टक्क्यांत, निघाला. आणि त्या रुग्णांपैकी ४८ टक्के एअर कूलरच्या संपर्कात होते. कूलर घरात होता म्हणजे आजार त्यानेच झाला, असे यावरून सिद्ध होत नाही, आणि तज्ज्ञांत त्यावर वाद आहेत. पण जत-आटपाडीच्या दवाखान्यात बसलेल्या डॉक्टरने तोंडातून हा प्रश्न काढावा, एवढे बळ त्या आकड्यात नक्की आहे.

आपल्या भागात हा प्रश्न तोंडातून निघत नाही, त्यालाही इतिहास आहे. इथल्या छातीच्या रोगांचा इतिहास म्हणजे क्षयाचा इतिहास. मिरजेत डॉ. विल्यम वानलेस यांनी मिशन दवाखाना उभारला आणि पुढे वानलेसवाडीला क्षयाचे रुग्णालय आले, पाचगणीत डॉ. रुस्तमजी बिलिमोरिया यांनी बेल-एअर सॅनेटोरियम काढले. मुंबईचे लोक छाती दाखवायला मिरजेला आणि हवापालटाला पाचगणीला येत. त्या वैभवाची सावली अशी की फोटोत काही दिसले की पहिला विचार टीबीचा, आणि बरेचदा शेवटचाही. टीबीचा विचार पहिला असलाच पाहिजे, त्याबद्दल वाद नाही. या देशात तो वगळणे गुन्हा ठरेल. पण थुंकीत जंतू सापडत नाहीत, सीबीनाट ही टीबीची चाचणी निगेटिव्ह आहे, तरी ‘फोटो बघून’ सहा महिन्यांची एकेटी, म्हणजे टीबीची औषधे, सुरू होते, ती संपते, सावली दुसऱ्या जागी उगवते, मग पुन्हा एकेटी, ही कहाणी एबीपीएच्या भारतीय रुग्णांत वारंवार नोंदली गेली आहे. मधल्या काळात फुप्फुस गेलेले असते. दुसरी वाट त्याहून गोड. स्टिरॉइडची गोळी मिळते, चार दिवसांत बरे वाटते, माणूस तीच चिठ्ठी दाखवून वर्षभर गोळी घेतो आणि साखर वाढवून, हाडे ठिसूळ करून घेतो. स्टिरॉइड हे या आजारातले खरे औषध आहे, इट्राकोनॅझोलही आहे, वण वाढत राहणाऱ्या रुग्णासाठी आता निन्टेडॅनिबसारखी औषधे आहेत. पण भिंत ओली ठेवून ती चालू ठेवणे म्हणजे नळ उघडा ठेवून फरशी पुसणे.

या क्षेत्रात एक संशयवादी घराणेही आहे, आणि त्याचा आवाज मला मोलाचा वाटतो. अमेरिकेत क्लीव्हलँडला १९९० च्या दशकात तान्ह्या मुलांच्या फुप्फुसांत रक्तस्राव झाला आणि स्टॅकिबॉट्रिस या काळ्या बुरशीवर आळ आला. २००० साली तिथल्याच रोगनियंत्रण केंद्राने तोच अभ्यास पुन्हा तपासला आणि संबंध सिद्ध होत नाही असे जाहीर केले. तोवर ‘विषारी बुरशी’च्या भीतीवर चाचण्या, फवारण्या आणि खटले यांचा मोठा धंदा उभा राहिला होता. तो धंदा आता आपल्या शहरांत येऊ घातला आहे. घरातल्या हवेतले बीजाणू मोजून ‘इतके म्हणजे धोका’ सांगणारा कोणी भेटला, तर त्याला जागतिक आरोग्य संघटनेचा २००९ चा ओल आणि बुरशीविषयीचा अहवाल दाखवावा. ओलसर घर आणि दमा, खोकला, घरघर यांचा संबंध त्यात स्पष्ट मान्य केला आहे, पण बुरशीची सुरक्षित मर्यादा म्हणून एकही आकडा दिलेला नाही, कारण तसा देता येत नाही. दिसणारी बुरशी आणि येणारा कुबट वास एवढे पुरे आहे. ओलीचा उगम शोधा, तो बंद करा, सडलेले काढून टाका, असा त्याचा रोख. नुसती फवारणी मारून भागत नाही. मेलेला बीजाणूही ॲलर्जी देतो.

ओलसर घरातला प्रत्येक जण आजारी पडत नाही, बहुतेक जण पडत नाहीत, हेही तितक्याच ठामपणे सांगायला हवे. एकाच घरात चौघांपैकी एकीला धाप लागते, आणि बाकी तिघे तिला ‘मनाचे खेळ’ म्हणतात. या आजाराचा सामाजिक भाग इथे सुरू होतो. दिवसाचे वीस तास घरात असणारी बाई, रांगते मूल, बाहेर न पडणारे आजोबा, यांचा संपर्क सर्वांत जास्त आणि त्यांच्या तक्रारीचे वजन सर्वांत कमी. वर दोषही त्या बाईच्याच माथी: घर नीट पुसत नाही, कपडे आत वाळत घालते, खिडक्या उघडत नाही. इंग्लंडमध्ये रॉचडेलच्या सरकारी अनुदानित घरात अवाब इशाक या दोन वर्षांच्या मुलाचा डिसेंबर २०२० मध्ये मृत्यू झाला. त्याच्या वडिलांनी घरातल्या बुरशीची तक्रार पुन्हा पुन्हा केली होती. वरून रंग मारा, असे त्यांना सांगण्यात आले होते, आणि ओलीचे खापर कुटुंबाच्या राहणीवर फोडले गेले होते. २०२२ मध्ये चौकशीअंती न्यायालयाने मृत्यूचे कारण घरातली बुरशी असे नोंदवले, आणि त्यातून घरमालक संस्थांना ओलीची दुरुस्ती मुदतीत करायला लावणारा ‘अवाबचा कायदा’ आला. तो आजार या पुस्तकातल्या तिन्ही तऱ्हांत जसाच्या तसा बसत नाही. पण भाड्याच्या खोलीत, कारखान्याच्या वसाहतीत, घरकुलात राहणाऱ्या आपल्या माणसाला ‘रंग मारा’ हेच उत्तर मिळते, म्हणून ते प्रकरण इथे सांगावेसे वाटले.

आत्ताच हे पुस्तक का, याचे उत्तर बरेचसे वर येऊन गेले. सोळा वर्षांत तीन महापूर आले, पत्र्याची आणि स्लॅबची घरे वाढली, कूलर हप्त्यावर मिळू लागला. सीटी स्कॅन मिरज, कऱ्हाड, सातारा इथे सहज होऊ लागला, त्यामुळे पूर्वी ‘जुना दमा’ म्हणून गेलेली फुप्फुसे आता आतून दिसतात. २०२५ च्या पावसाळ्यात दादरच्या कबूतरखान्यावरून मुंबईत जो गदारोळ झाला, त्याने या आजाराच्या सख्ख्या भावंडाचे, कबुतरांच्या विष्ठेने आणि पिसांनी होणाऱ्या न्यूमोनायटिसचे, नाव वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर आणले. बुरशीच्या बाजूने कोणी मोर्चा काढणार नाही, हा या विषयाचा एक फायदा.

या पुस्तकाचा प्रयत्न दोन माणसांना एका टेबलाशी बसवण्याचा आहे. छातीचा डॉक्टर भिंत पाहत नाही आणि गवंडी छाती ऐकत नाही. म्हणून इथे निदान-उपचाराच्या शेजारी ज्योते, गिलावा, पन्हाळी, न्हाणीघराची खिडकी आणि कूलरची टाकी यांनाही तेवढीच जागा दिली आहे. वैद्यकातल्या वाचकाला बांधकामाचा भाग पाल्हाळ वाटेल, अभियंत्याला आयजीईची पाने जड जातील. दोघांनीही दुसऱ्याची पाने आधी वाचावीत, अशी माझी शिफारस. फॅमिली डॉक्टर, आशाताई, ग्रामपंचायत सदस्य, पूर ओसरल्यावर मदतीला धावणारी तरुण मंडळे, हे त्याचे खरे वाचक. मदतीला जाणाऱ्यांनी तर एक गोष्ट पाठच करावी: वाळलेला गाळ कोरड्या झाडूने झाडू नये, ओला करून उचलावा, तोंडाला चांगला मास्क बांधावा, आणि भिजलेली गादी कितीही नवी असली तरी घरात परत घेऊ नये. दम्याच्या माणसाला त्या कामाला लावूच नये.

हे पुस्तक दोन्ही जिल्ह्यांतल्या रुग्णांची गणती करत नाही, आणि प्रत्येक खोकल्याला बुरशीवर ढकलत नाही. त्याची मागणी लहान आहे. तीन आठवड्यांहून जुना खोकला घेऊन आलेल्या माणसाच्या केसपेपरवर टीबी, तंबाखू आणि चूल यांच्या खाली घराविषयीचे चार प्रश्न लिहिले जावेत: भिंतीला ओल किंवा बुरा आहे का, घरात पुराचे पाणी शिरले होते का आणि कधी, कूलर, कबुतरे, चिपाड, भिजलेली वैरण यांपैकी काय आहे, आणि घर सोडून आठ-पंधरा दिवस गेल्यावर बरे वाटते का. पुस्तकाच्या अखेरीस या प्रश्नांचे एक पान कोरे ठेवले आहे. ते कोणीही झेरॉक्स करावे. त्यासाठी लेखकांची किंवा प्रकाशकांची परवानगी लागत नाही.